चाळीस बैलांचा मथळा

सरोवराकाठच्या किसुमू शहरातल्या 'विनाम मेल' या वर्तमानपत्रात कोन्सोलाटा अपोंडीची एकतीस वर्षं गेली आणि एवढ्या वर्षांत तिच्या नावाने एक ओळसुद्धा छापून आली नाही. तिचं काम दुसऱ्यांच्या ओळी नीट करायचं. बातमीदार धावतपळत काहीबाही लिहून पाठवायचे. अपोंडी ते झाडून-पुसून, फाटलं असेल तिथे टाका घालून, वर मथळा चढवून पानावर बसवायची. कचेरीत सगळे तिला 'उयोमाची लेक' म्हणायचे. आम्हा लुओ लोकांत बाई कितीही शिको, शहरात राहून केस पांढरे करो, ती ज्या मुलखातून आली तिथलीच लेक म्हणून ओळखली जाते. अपोंडीला ते आवडायचं. उयोमा म्हणजे सरोवरात घुसलेली खडकाळ जमीन, मासळी आणि तोंडाळ माणसं. त्यातला तोंडाळपणा तरी तिने पुरेपूर उचलला होता.

कोंडेले भागात तिच्या दोन खोल्या होत्या. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मुलगा एल्डोरेटला दवाखान्यात कामाला. रविवारी ती चर्चमध्ये खालच्या पट्टीत गायची. शनिवारी सरोवराकाठच्या टपरीवर जाऊन तळलेला अख्खा मासा मागवायची आणि त्याचं डोकं कुणालाही द्यायची नाही. चष्मा दोरीने गळ्यात, पायात सपाट बूट, बोलणं तिखट. वाईट बाई नव्हती. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे वाचताना तुम्हाला तसं वाटण्याचा संभव आहे.

तिची ख्याती होती ती एका बाबतीत. कुणी पैसा उडवला, की त्या उडवण्याला शब्द कोणता द्यायचा हे उयोमाच्या लेकीलाच विचारावं. मंत्र्याच्या मुलीचं लग्न, वर हेलिकॉप्टर? 'दिमाखदार'. धान्याच्या व्यापाऱ्याचं? 'थाटामाटाचं'. बिशपांचा नवा बंगला? 'प्रशस्त'. ज्याचा पैसा कुठून येतो ते एका देवालाच ठाऊक, अशा सोन्याच्या दलालाची मेजवानी? 'डोळे दिपवणारी'. सरोवराकाठच्या एका हॉटेलची तर कथाच होती. पर्यटनाच्या पुरवणीत ते 'ऐषआरामी' असायचं. तिथेच प्रांताच्या सभेचे सभासद तीन दिवस बैठकीला राहिले, की 'जनतेच्या पैशावर चैन' व्हायची. आणि तिथेच पत्रकार संघाचा वार्षिक मेळावा भरला तेव्हा अपोंडीने छापलं, 'सुसज्ज वातावरणात'.

आणि गरिबाने दोन पैसे जास्त खर्चले, की त्याच्या वाट्याला एकच शब्द. 'उधळपट्टी'.

नवीन लागलेल्या एका बातमीदाराने एकदा विचारलं होतं, "पण असं का हो? खर्च तो खर्चच ना?"

अपोंडी चहाचा कप खाली ठेवत म्हणाली, "अरे बाबा, मंत्र्याला उधळ्या म्हटलं तर तो वकील पाठवेल. मच्छीमाराला म्हटलं तर तो काय पाठवणार? मासा?"

सगळी कचेरी खो खो हसली. त्या हसण्यामागे एक जुनी जखम होती, ती मात्र तिने त्याला सांगितली नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी तिने एका मंत्र्याच्या वाढदिवसाला सरळ 'उधळपट्टी' म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी पोलीस येऊन संपादकांना घेऊन गेले, नऊ दिवस छापखान्याला कुलूप होतं आणि संपादक परत आले ते एका कानाने बहिरे होऊन. तेव्हापासून अपोंडी शब्द माणूस बघून वापरू लागली. भीतीने शिकलेली गोष्ट पुढे सवयीची होते, आणि सवयीची झाली की माणूस तिला कसब म्हणायला लागतो.

दोन वर्षांपूर्वी नवे संपादक तोबियास ओंबेवा यांनी दर शुक्रवारी एक सदर सुरू केलं, 'मरणाचा खर्च'. आपल्याकडे जिवंत माणसाला औषध मिळत नाही पण मेल्यावर मांडव मिळतो, अशी बरीच पत्रं येत होती, आणि त्यात खोटं फारसं नव्हतं. ओंबेवांना समाजसुधारणेची हौस आणि खपाची त्याहून मोठी. गंमत अशी, की ज्या पानावर हे सदर यायचं त्याच्या पाठच्याच पानावर निधनाच्या जाहिराती असायच्या, फोटोसकट, आणि अख्ख्या कचेरीचे पगार त्यांतून निघायचे. सदराचे मथळे अर्थात अपोंडी द्यायची.

नोव्हेंबरात उयोमाहून बुकर न्यांग्वेसोंची बातमी आली. हे निवृत्त शाळामास्तर. तालुक्याच्या बातम्या वहीत लिहून काढायचे, मग फोनवरून टाइप करून पाठवायचे. झब्लोन ओगुतू नावाचा मच्छीमार पहाटे जाळी काढायला गेला असता पाणघोड्याने होडी उलथवली आणि तो गेला. मास्तरांनी त्याच्या अंत्यविधीचं साधं वर्णन केलं होतं. मरणाला हाकलून लावायला आमच्याकडे पुरुष गुरं घेऊन सरोवरापर्यंत धावतात, शिंगं फुंकतात, धूळ उडवतात. त्याला बुरू म्हणतात. झब्लोनच्या बुरूला चाळीस बैल होते. शवपेटी रंगीत, नक्षीची. एक बैल कापला. शेवटी मास्तरांनी नेमानं एक ओळ लिहिली होती: 'गुरं गावकऱ्यांची होती व सायंकाळी आपापल्या गोठ्यात परतली, कापलेला बैल रिवाजाप्रमाणे थोरल्या जावयाने आणला होता, आणि पेटी किनाऱ्यावरच्या होडीवाल्या सुतारांनी उरलेल्या फळ्यांतून फुकट करून दिली.'

शुक्रवारचं पान संध्याकाळी सहाला सुटायचं आणि जागा दहा ओळी कमी पडत होती. अपोंडीने शेवटची ओळ खोडली. बुरूची गुरं परत जातात, हे सरोवराकाठच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, लिहायचं कशाला? मग तिने मथळा दिला:

'चुलीत राख, दारात चाळीस बैल! गरीब मच्छीमाराच्या अंत्यविधीत उधळपट्टी'

ओंबेवांनी मथळा वाचून टाळी दिली. "उयोमाच्या लेकी, तुझ्या जिभेचं लोणचं घालून ठेवायला पाहिजे!"

त्या दिवशी ती खुशीत घरी गेली.

जानेवारीत, एका बुधवारी सकाळी, खालच्या पहारेकऱ्याचा फोन आला. "बाई, तुमच्या मुलखातली एक बाई आलीय. वर पाठवू?"

अपोंडीला वाटलं, कुणी ओळखीचं सुकी मासळी घेऊन आलं असेल. वर आली ती पन्नाशीतली, काळा रुमाल बांधलेली, पायांवर प्रवासाची धूळ असलेली बाई. तिच्या हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत घडी केलेले दोन कागद. तिने नाव सांगितलं, रोसलिडा, झब्लोन ओगुतूची बायको. अपोंडीला चटकन काही आठवेना.

"बसा ना, बाई. चहा सांगू?"

"बसायला नाही आले," रोसलिडा म्हणाली आणि एक कागद टेबलावर उलगडला. "हे कुणी लिहिलं?"

तो तिचाच मथळा होता.

"बातमी बुकर मास्तरांची आहे," अपोंडी म्हणाली. एकतीस वर्षांत असे लोक बरेच आले होते आणि हे उत्तर तोंडपाठ होतं.

"मास्तरांकडे जाऊन आले मी. त्यांनी वही दाखवली. वहीत हे नाही. ते म्हणाले, वरची फोडणी किसुमूत पडते. मग फोडणी कुणी टाकली?"

 मग रोसलिडाने पिशवीतून दुसरा कागद काढला. नैरोबीतल्या मुलींच्या एका शिष्यवृत्ती ट्रस्टचं पत्र होतं ते. रोसलिडाची धाकटी मुलगी क्विंटर परीक्षेत साऱ्या विभागात पहिली आली होती. मुलींच्या चांगल्या शाळेत जागा मिळाली होती, ट्रस्टने चारही वर्षांची फी कबूल केली होती. सोमवारी शाळेत हजर व्हायचं होतं. आणि आता हे पत्र. अपोंडीने चष्मा चढवला आणि वाचू लागली. 'चौकशीअंती असे आढळते की कुटुंबाची स्थिती गरजू या व्याख्येत बसत नाही. सबब विद्यार्थिनीचे नाव यादीतून वगळण्यात येत आहे. आधार: सोबतचे कात्रण.' खाली तिचा मथळा जसाच्या तसा टाइप केलेला होता, उद्गारचिन्हासकट.

 आपला शब्द पानावरून उठून असा कुणाच्या घरात शिरलेला तिने कधी पाहिला नव्हता. शुक्रवारी छापायचा, शनिवारी त्यात लोक मासळी बांधून नेणार, अशीच तिची समजूत होती.

"चाळीस बैल!" रोसलिडा म्हणाली. "अगं, माझ्या दारात चार कोंबड्या दाखव. बुरूची गुरं कुणाची असतात ते तुला ठाऊक नाही? तू उयोमाची ना?"

"ठाऊक आहे."

"मग?"

"सगळ्यांनाच ठाऊक असतं म्हणून…"

"नैरोबीत नाही ना ठाऊक!" रोसलिडाचा आवाज चढला. टेबलाटेबलांवरची माणसं बघू लागली. "आणि पेटी म्हणे रंगीत, नक्षीची. होडीच्या फळ्या होत्या त्या! आत निजवला तर डांबराचा वास येत होता माझ्या माणसाला. आणि तू छापतेस उधळपट्टी?"

 मग रोसलिडाने आमच्याकडे कुणीही विचारेल तेच विचारलं. "घर कुठलं तुझं? कुणाची तू?"

"टेकडीखालचे ओगाडा. नावाडी ओगाडा. त्यांची लेक मी."

इतका वेळ उभी असलेली रोसलिडा आता खुर्चीवर बसली. तिचा राग कुठे गेला कोण जाणे. चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं, आणि अपोंडीला ते रागाहून जड गेलं.

"ओगाडांच्या बुरूला झब्लोन गेला होता," ती हळूच म्हणाली. "आमचे दोनच बैल होते तेव्हा. दोन्ही घेऊन पहाटे निघाला. परतताना एकाचा पाय खडकात अडकून मोडला. मी बडबडले खूप. तर म्हणाला, बुरूला गेलेलं मागायचं नसतं, म्हाताऱ्याने मला लहानपणी होडीतून फुकट नेलंय." तिने कात्रणाकडे बोट केलं. "तेव्हा पण तुम्ही छापलं असेल ना? तेव्हा काय म्हटलंत गं?"

अपोंडीला शोधायची गरज नव्हती, तरी रोसलिडा गेल्यावर ती मागच्या खोलीत गेली आणि चौदा वर्षांपूर्वीची बांधीव फाईल काढली. पान पाच. 'साठ बैलांच्या धुळीत नावाडी ओगाडांना साजेसा निरोप.' तिचाच मथळा. साठ होते, चाळीस नाही. मांडव मोठा होता, तीन गावं जेवली होती, आणि शब्द होता 'साजेसा'. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण तिने आयुष्यात शंभरदा दुसऱ्यांना ऐकवली असेल. त्या धुळीतले दोन बैल झब्लोनचे होते. ती त्या धुळकट खोलीत स्टुलावर बसून राहिली.

दुपारी ती ओंबेवांच्या खोलीत गेली. "खुलासा छापायचाय. चार ओळी. गुरं गावाची होती."

ओंबेवांनी सगळं ऐकून घेतलं आणि हात पसरले. "चाळीस बैल होते की नव्हते?"

"होते."

"पेटी होती की नव्हती? होती. मग चूक कुठेय? उधळपट्टी हे आपलं मत आहे, उयोमाच्या लेकी. मताचा कधी खुलासा देतात का? आज हिला दिला तर उद्या सदरातल्या प्रत्येक घरचं माणूस दारात उभं राहील."

"मुलीची शाळा जातेय, तोबियास."

"वाईट वाटतं मला. खरंच वाटतं. पण शाळा आपण काढून घेतली का? ट्रस्टने घेतली. तू कधीपासून एवढी हळवी झालीस? मासा पाठवला का तिने?"

आपलाच विनोद असा परत अंगावर आलेला तिला सोसला नाही. ती दार न लावता बाहेर आली.

खुलासा नाही तर नाही. पण वर्तमानपत्रात एक दार असं असतं की त्याला संपादकही कडी घालू शकत नाही: जाहिरात. आमच्याकडे अंत्यविधी झाल्यावर घरचे लोक 'आभार' छापतात, आलेल्या-गेलेल्यांचे, मदत केलेल्यांचे. रोसलिडाने छापले नव्हते, कारण त्यालाही पैसे पडतात. अपोंडीने बुकर मास्तरांना फोन लावला.

"मास्तर, बुरूला ज्यांची गुरं होती त्यांची नावं हवीत. सगळी."

"आता सुचलं का?" मास्तर फणकारले. "मी लिहिलेली ओळ कुठे टाकलीस? उकिरड्यावर?"

"हो," अपोंडी म्हणाली. "टाकली. आता नावं द्या."

मास्तरांचा राग तिथेच विझला असावा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी दारोदार फिरून नावं जमवली. शुक्रवारी, निधनाच्या पानावर, झब्लोनच्या फोटोखाली आभार आले. अमक्याने तीन बैल आणले, तमक्याने एक, सायंकाळी सारे घरी नेले. सुतार अमुक आणि अमुक, ज्यांनी उरल्या फळ्यांतून पेटी केली. जावई, ज्याने बैल दिला. खाली रोसलिडाचं नाव. पैसे अपोंडीने स्वतःच्या खिशातून भरले. मजकुरात तिने एकही विशेषण घातलं नाही. तिला वाटलं, आता झालं. या कागदावर तर कुणी बोट ठेवणार नाही.

पानाचा फोटो सकाळीच ट्रस्टला पाठवून तिने तिथे फोन लावला. या प्रकरणांचं काम म्वेंदा नावाचे गृहस्थ बघत होते; आवाज सभ्य, थोडा थकलेला.

"हो, पाहिलं मी," म्वेंदा म्हणाले. "पाव पान आहे. फोटोसकट."

"मग आता…"

"बाई, आमचा ट्रस्टही तुमच्या पेपरात जाहिराती देतो. पाव पान म्हणजे काय, ते मला चांगलं ठाऊक आहे. ज्या घराला फी झेपत नाही, त्या घराला हे झेपतं? खरं सांगायचं तर नाव काढलं ते चुकलं की काय, अशी आधी मला थोडी शंका होती. हे बघितल्यावर ती पण गेली."

 अपोंडी बरं करायला गेली आणि होतं तेही गमावून बसली! त्या साध्यासुध्या नावांच्या यादीकडे पाहूनही त्या माणसाच्या मनात तोच शब्द आला होता, जो तिने नोव्हेंबरात तिथे पेरून ठेवला होता. एकदा माणसाला तो चिकटला की त्याने आभार मानले तरी उधळपट्टीच.

"ते पैसे मी भरले," ती म्हणाली.

"तुम्ही? तुम्ही नातेवाईक आहात का?"

"नाही."

"मग?"

टेबलावर शुक्रवारचं पान पसरलेलं होतं, समोर दोघं-तिघं कामाचं सोंग करून ऐकत होती. अपोंडी म्हणाली, "तो मथळा माझा आहे. नोव्हेंबरातला. बातमीत लिहिलेलं होतं की गुरं गावाची, पेटी फुकटची. ती ओळ मी खोडली."

 म्वेंदांनी विचारलं, "का?"

"आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं म्हणून. असं मी स्वतःला सांगत होते." तिने पुढ्यातलं पान दुमडलं. "खरं ऐकायचंय? ती ओळ ठेवली असती तर मथळा उभा राहिला नसता."

"अहो बाई," म्वेंदा म्हणाले, आणि त्यांचा सभ्य आवाज पहिल्यांदा चढला. "मी मेरूकडचा. आमच्याकडे माती देऊन लोक दोन तासांत कामाला लागतात. चाळीस बैल वाचल्यावर मला काय कळणार होतं? मी समजलो, घरचे आहेत, कापले. आम्ही त्या मुलीचं नाव तुमच्या भरवशावर काढलं!"

"हो."

"हे लिहून द्या. सगळं. सही, हुद्दा आणि वर्तमानपत्राचा शिक्का. उद्या दुपारपर्यंत हातात पाहिजे, नाहीतर सोमवारी जागा दुसरीला जाईल."

पत्र लिहायला तिला दहा मिनिटं लागली. शिक्का ओंबेवांच्या कपाटात असायचा. तिने पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. ओंबेवांनी ते दोनदा वाचलं.

"तू वेडी झालीस का? 'महत्त्वाची माहिती मी हेतुपुरस्सर वगळली'? हे उद्या कोर्टात गेलं तर? दीड वर्ष राहिलंय तुझं. निमूट जा ना पेन्शन घेऊन!"

"शिक्का दे, तोबियास."

"याच्यावर शिक्का मारलास तर सोमवारी यायचं नाही. मी गंमत करत नाहीये."

"माहीत आहे. दे."

त्यांनी कपाट उघडलं आणि तोंड फिरवून उभे राहिले. तिने शिक्का मारला, फुंकर घालून शाई वाळवली आणि पत्र संध्याकाळच्या बसने नैरोबीला पाठवलं. बसवाला ओळखीचा होता, त्याने सकाळी नेऊन देण्याचं कबूल केलं.

शनिवारी ती टेबल आवरायला कचेरीत आली. एकतीस वर्षांचं सामान म्हणजे दोन शब्दकोश, एक कप, गाण्याची वही आणि खोडरबरांचा डबा. एवढंच निघालं म्हणून तिला वाईटही वाटलं आणि हसूही आलं. साडेबाराला फोन वाजला. म्वेंदा होते.

"पत्र मिळालं. क्विंटर ओगुतूचं नाव पुन्हा यादीत घेतलंय. शाळेला कळवलं. आईलाही आत्ताच सांगितलं."

"काय म्हणाली?"

"रडली. मग विचारलं, गादी आणायची की शाळेत मिळते."

 चार दिवसांत पहिल्यांदा अपोंडीने नीट श्वास घेतला. "फार उपकार झाले तुमचे," ती म्हणाली आणि फोन ठेवणार, तोच म्वेंदा म्हणाले, "थांबा जरा. एक विचारायचं होतं. तुमचं पत्र फाईलला लावत होतो…"

"कुठल्या फाईलला?"

"कात्रणांच्या. तुमच्या पेपराच्या." ते चाचरत होते. "सरोवराकडचे अर्ज आले की आम्ही आधी तुमचं शुक्रवारचं सदर बघतो. आम्हाला तिकडचं काही ठाऊक नसतं. तुम्ही तिथलेच, म्हणून भरवशाचे. दोन वर्षांत ज्यांची नावं काढली, त्यांची कात्रणं यात आहेत. क्विंटरचं सोडून अकरा. मला एवढंच विचारायचंय, की यांतलं आणखी कुठलं…"

 अपोंडीने खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"वाचा," ती म्हणाली.

कागदांची सळसळ ऐकू आली. "'दोन घासांची भ्रांत, पण मुलाच्या अंत्यविधीला…'"

"'…शंभर खुर्च्यांचा डामडौल,'" ती म्हणाली. "त्या खुर्च्या चर्चच्या होत्या. भाडं नव्हतं."

"'गळक्या छपराखाली…'"

"'…तीन दिवस बँड.' मेलेला माणूस त्या बँडमध्ये ढोल वाजवायचा. त्याचेच सोबती होते ते." तिने खोडरबरांचा डबा उघडला. "हेही खोडलं होतं मी. या मुली कुठे आहेत आता?"

"ते आमच्याकडे नसतं, बाई. नाव काढलं की आमचा संबंध संपतो."

तिने डब्यातली पेन्सिल काढली आणि आवरलेल्या टेबलावर कोरा कागद ओढला. "पुढचं वाचा. आणि प्रत्येकाखालचं मुलीचं नाव सांगा, गाव सांगा."

म्वेंदा वाचत गेले. ते अर्ध्यावर यायचे आणि उरलेला मथळा अपोंडी पुरा करायची. अकराच्या अकरा तिला पाठ होते.